दुसरं पान

ट्रिअर, जर्मनी
बुधवार, ४ सप्टेंबर २०२४

आई,

नमस्कार इथूनच. उद्यापासून आठ दिवस सायकलवर बसायचंय, म्हणून गुडघे वाकवणं आजपासूनच बंद केलंय.

आम्ही चौघी सुखरूप पोचलो. मी आणि बँकेतल्या तिघी, ज्यांना तू चांडाळचौकडी म्हणतेस. सायकली ताब्यात मिळाल्या. माझी हिरवी आहे, पुढे वेताची टोपली, आणि तिला बॅटरी आहे. चढ आला की ती मागून हळूच ढकलते. तू म्हणशील ही लबाडी झाली. असू दे, अठ्ठावन्नाव्या वर्षी थोडी लबाडी चालते.

नदीचं नाव मोझेल. इथून कोब्लेंझपर्यंत ती दोनशे किलोमीटर जाते, आणि काय ती वळणं, सरळ जायचं तिला माहीतच नाही. काठाकाठाने सायकलींसाठी वेगळा रस्ता आहे, सपाट, एकही मोटार नाही. दोन्ही बाजूंना डोंगरावर द्राक्षमळे. रोज पंचवीस-तीस किलोमीटर जायचं, दुपारी एखाद्या गावात वाइन चाखत बसायचं, संध्याकाळी पुढच्या गावात मुक्काम. सामान उचलायचं नाही. सकाळी बॅगा दाराशी ठेवायच्या, गाडी येऊन पुढच्या हॉटेलात पोचवते. फोनही त्याच बॅगेत. आम्ही नियमच केलाय: दिवसभर फोन नाही, संध्याकाळी फक्त मेल बघायची. तीन वर्षं हे ठरवत होतो, आता कुणी कुणाला छळायचं नाही.

तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत तू साडी खोचून माझ्या सायकलीमागे धावायचीस ते आज आठवलं. तुझा हात सुटलाय हे मला कोपऱ्यावर पोचल्यावर कळायचं.

कामाक्षी, आईच्या उजव्या कानाशी बसून सावकाश वाच. आणि तो तंजावरी हेल काढू नकोस बाई. मागच्या वेळी आई म्हणाली, प्राचीचं पत्र ऐकतेय की देवळातलं पुराण, तेच कळेना. शनिवारी गणपती बसतील, मी नाही. पहिला मोदक आईला.

तुझी,
प्राची


मैलापूर, चेन्नई
५ सप्टेंबर

प्राचीताई,

तुमचं पत्र सकाळी छापून काढलं आणि पुढच्या खोलीत आईंना वाचून दाखवलं. हेल काढला नाही. पुराणाचं वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि हसल्या. आशिष म्हणाले, मी वाचतो. आई म्हणाल्या, लेक घाईघाईत गाळतो, सून गाळत नाही. मागे एकदा तुमच्या पत्रातला माझ्या सांबाराबद्दलचा मजकूर मी गाळला होता आणि त्यांनी पाहुण्यांसमोर मला तो परत वाचायला लावला, ते तुम्हाला आठवत असेल. तेव्हापासून मी गाळत नाही.

आईंनी सांगितलेलं लिहिते: "बॅटरीची सायकल म्हणजे सायकल नव्हे. पण पडू नकोस. तिथे सफरचंदं चांगली मिळतील, ती खा. वाइन जेवणाआधी घेऊ नकोस, डोकं चढतं, असं तुझे बाबा म्हणत, त्यांना अनुभव होता."

आता माझं. हे त्यांना न सांगता लिहिते आहे.

रविवारपासून आई खात नाहीत. तांदळाची कंजी दोन चमचे, तीही माझ्या समाधानासाठी. छातीत पाणी झालं आहे. डॉक्टर काल घरी येऊन बघून गेले. म्हणाले, या वयात हॉस्पिटलात नेऊन नळ्या घालू नका, आठवडा धरून चला, कमीही असेल. आशिषनी आवडी गावातल्या त्यांच्या फॅक्टरीतून रजा घेतली आहे. दिवसा मदतीला वेलचेरीहून सरोजा येते, ती फक्त तमिळ जाणते, पण हात हलका आहे.

फोन लावून द्यावा तर कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि आई चिडून ते काढून फेकतात. तुम्ही प्रत्यक्ष समोर हव्यात. काल त्यांनी तीनदा विचारलं, प्राची कधी येते. मी तारीख सांगते, त्या विसरतात, परत विचारतात.

ताई, सायकल थांबवून या. मी बहुत विचार करून लिहिते आहे.

कामाक्षी


बर्नकास्टेल
६ सप्टेंबर

आई,

आज द्राक्षमळ्यात चक्क आगगाडी बघितली. एकाच रुळावर चालणारी, एक माणूस आणि दोन टोपल्या बसतील एवढी. डोंगर इतका उभा आहे की माणसं त्या गाडीत बसून वर जातात आणि दोर बांधून द्राक्षं तोडतात. बाबा असते तर स्टेशनमास्तर कुठे बसतो ते विचारून आले असते.

दुपारी एका म्हाताऱ्या बाईच्या अंगणात थांबलो. चार टेबलं, वर द्राक्षाचा मांडव. तिने पाच पेले ओळीने मांडले. पहिला आंबट, पाचवा जवळजवळ मधच. सोबत कांद्याचा गरम केक. म्हणजे आपल्या थालीपिठाची श्रीमंत मावसबहीण. बाई ऐंशीच्या पुढची, रोज मळ्यात जाते. मी तिला सांगितलं, माझी आईही अशीच खमकी आहे. तिने सहावा पेला फुकट दिला.

नदीवर हंस आहेत. आपण जवळ गेलो की फिसकारतात, तुझ्या आत्याबाईंसारखे.

प्राची

[दुसरं पान]

कामाक्षी, हे फक्त तुझ्यासाठी. आईला वाचून दाखवू नकोस.

तुझं वाचलं. मला घाबरवतेस. दोन हजार एकोणीस आठवतंय का? तेव्हाही तू असंच लिहिलंस, "या". मी पुण्याहून पहिलं विमान पकडून धावत आले, आशिष दिल्लीचं काम टाकून आला, आणि आईसाहेब उशीला टेकून इडली खात होत्या. मला बघून म्हणाल्या, आलीस? दार लाव, डास येतात. तिला कुणीतरी धावत यायला हवं असतं, स्वभावच तिचा. हे नाटक ती मरेपर्यंत करणार.

आणि डॉक्टरांचं काय घेऊन बसलीस? ते आठवडा म्हणतात आणि माणूस दिवाळीला फराळ मागतो. मी आता निघाले तर चौघींचं सगळं विसकटेल. तिकडे येऊन तरी काय करणार? उशाशी बसून कुरकुर ऐकणार. तुला सवय झालीय, मला नाही जमत. कधीच जमलं नाही.

स्पष्ट बोलते, कुणीतरी बोलायलाच हवं. गेली तर सुटेल बिचारी, आणि तूही सुटशील. मी रडेन, पण दोन दिवस. त्यासाठी आत्तापासून ही नदी का सोडू?

वाचून झालं की फाडून टाक.

प्रा.


मैलापूर
शनिवार, ७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

प्राची,

आईचे आशीर्वाद. अक्षर कामाक्षीचं, शब्द माझे.

तुझं पत्र ऐकलं. कांद्याचा केक मला कळला नाही, पण बाई कळली. ऐंशीच्या पुढे मळ्यात जाते म्हणजे घरात तिला कुणी विचारत नसणार.

गणपती बसले. कामाक्षीने देवळाच्या तळ्यापाशी बसणाऱ्या बाईकडून मातीचा आणला, वर कागदाची छत्री. मला दिसत नाही, म्हणून माझा हात लावून दाखवला. सोंड डावीकडे आहे. आरती आशिषने म्हटली, दोन कडवी खाल्ली, मी मोजली.

आता ऐक. तू यायचं नाहीस. कामाक्षीने तुला बोलावलं असेल तर ते माझ्या सांगण्यावरून नाही. दोन हजार एकोणीस साली मी सगळ्यांना उगाच पळवलं, मला आठवतं. या खेपेला कुणाला पळवायचं नाही. तू तीन वर्षं ठरवून गेली आहेस, ती नदी शेवटापर्यंत बघ. कोब्लेंझला दोन दिवस जास्त राहावंसं वाटलं तर राहा. उद्या कुणी विचारलं की प्राची का नाही आली, तर सांग, आईने नको म्हटलं. हे पत्र दाखव.

माझं बरं आहे. कामाक्षीची लवकरच सुटका होईल असं मी तिला म्हटलं, तर ती मान खाली घालून लिहीतच राहते. तिचं मराठी आता पुष्कळ सुधारलं आहे. तुझं पत्र तिने आज फार स्वच्छ वाचलं.

सायकलीवर मागे बघत जाऊ नकोस. पडायला होतं.

आई

ताई, वरचं सगळं आईंनी सांगितलं तसं लिहिलं आहे. एक शब्द माझा नाही. कामाक्षी.


झेल
८ सप्टेंबर

आई,

तुझं पत्र मी तिघींना मोठ्याने वाचून दाखवलं. तिघींच्या डोळ्यांत पाणी. एक म्हणाली, आई असावी तर अशी. मी म्हटलं, तुम्हाला उशिरा कळलं. आशिषच्या आरतीची कडवी मोजलीस, यावर आम्ही रस्ताभर हसलो.

तू म्हणतेस तर राहतेच. बारा तारखेला कोब्लेंझला पोचतो, तिथे आमची नदी ऱ्हाईनला मिळते, तिथे दोन दिवस मुक्काम वाढवला. आणि आज एक नवं ठरलं. आता बारा तारखेपर्यंत मेलही बघायची नाही. फोन बंद करून बॅगेच्या तळाशी. तुझा हुकूम आहे ना, मागे बघायचं नाही, तो आम्ही चौघींनी पाळायचा ठरवला.

आज काळ्या मांजराच्या नावाची वाइन प्यायलो. तिच्या एका पेल्याने मला झोप आली आणि मी नदीकाठच्या बाकावर तासभर घोरत पडले. कुणी उठवलं नाही. किती वर्षांनी मला कुणी उठवलं नाही.

कामाक्षी, बघितलंस? आई स्वतःच एकोणीस सालचं म्हणाली. म्हणजे डोकं अजून लख्ख आहे. मी तिला पोटातून ओळखते, तू घरात राहून ओळखत नाहीस, हा फरक आहे. राग मानू नकोस. तू करतेस ते फार करतेस, पण थोडं हसत करत जा. तुझं तोंड बघूनच माणूस आजारी पडेल.

परवा गौरी येतील, तिला माझ्या नावाने हळदकुंकू वाहा.

प्राची


मैलापूर
१० सप्टेंबर, दुपार

प्राचीताई,

आई आज सकाळी सव्वासातला गेल्या. कॉफीचा वास आला का विचारलं, आला म्हणाल्या, नंतर श्वास घेतला नाही. आशिष जवळ होते, मी होते.

तुम्हाला सकाळपासून चौदा वेळा फोन केला. बंद आहे. हॉटेलांची नावं आमच्याकडे नाहीत. पुण्याला तुमच्या घरी कळवलं, त्यांनाही तुमच्यापर्यंत पोचता आलं नाही. रत्नाकरमामा बडोद्याहून संध्याकाळपर्यंत पोचतात, त्यांच्यासाठी थांबलो आहोत. तुमच्यासाठी किती थांबावं, ते कुणाला सांगता येईना. संध्याकाळी विजेच्या दाहिनीत नेऊ. सगळं आशिष करतील.

गौरी आणल्या नाहीत, सुतक आहे. तुमचं हळदकुंकू वाहता आलं नाही.

कामाक्षी


कोब्लेंझ
१२ सप्टेंबर

कामाक्षी,

आत्ता फोन उघडला. हॉटेलच्या जिन्यात बसून लिहितेय, खोलीत तिघी आहेत आणि त्यांच्यासमोर मला रडता येत नाही.

परवा सकाळी सव्वासात म्हणजे इथले पावणेचार. मी झोपले होते. नंतर दिवसभर आम्ही फेरीबोटीने नदी ओलांडली, भोपळ्याचं सूप घेतलं, एका किल्ल्याचा फोटो काढला. माझी आई तिकडे पुढच्या खोलीत जमिनीवर होती आणि मी वेटरला सूप छान आहे म्हणून सांगत होते. हे मला कुणी सांगितलं का नाही? पोलिसांना का नाही सांगितलं? कुणालाही सांगून मला शोधायला हवं होतंस तू.

असो. आता दोन दिवस मी बसून विचार केलाय, खोटं कशाला बोलू, दोन तास केलाय. लग्न झालेल्या मुलीला तीन दिवसांचं सुतक, ते इथे पाळते. तेराव्याला, बावीस तारखेला येते. त्याआधी येऊन लोकांच्या नजरा झेलायची ताकद माझ्यात नाही.

आणि तुझ्याकडे एक मागते. रत्नाकरमामा विचारणारच. मामी तर बडोद्यापर्यंत करून सांगेल, आई मरत होती आणि लेक परदेशात दारू पीत होती. तू असं सांग की आई आजारी आहे हे तू मला कळवलंच नाहीस. माझी सहल मोडू नये म्हणून लपवलंस, चांगल्या मनाने. तू सून आहेस. लोक दोन दिवस बोलतील आणि विसरतील. मला कुणी विसरू देणार नाही. आईने नको म्हटल्याचं पत्र आहे, पण ते दाखवलं तर मला आजारपण माहीत होतं हेही उघड होतं. ते काढू नकोस.

सहा तारखेची माझी मेल पुसून टाक. ते दुसरं पान तू फाडलं असशीलच. ते मी चिडून लिहिलं होतं, तसं मनात काही नव्हतं. आईला वाचून दाखवण्याइतकी तू वेडी नाहीस.

एवढंच सांग, शेवटी ती माझ्याबद्दल काय म्हणाली? काहीतरी म्हणाली असेल. कसंही असू दे, मला हवंय ते.

प्राची


मैलापूर
१४ सप्टेंबर

प्राचीताई,

तुम्ही मागितलं ते मी केलं आहे. तुमची मेल येण्याच्या आधीच केलं होतं. मामांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मी म्हटलं, ताईंना मी कळवलं नाही, चूक माझी. मामी म्हणाल्या, शेवटी परक्या घरची. मी चहा आणायला उठले. आशिषना खरं माहीत आहे, ते बोलणार नाहीत, ते कधीच बोलत नाहीत. तेव्हा तुम्ही बिनघोर या. सगळे तुम्हाला जवळ घेतील, बिचारी म्हणतील, मला नावं ठेवतील. मला त्याची सवय आहे, हे तुम्हीच लिहिलं आहे.

मेल पुसली. दुसरं पान फाडलं नाही, आईंबरोबर गेलं. ते कसं, ते सांगते.

सात तारखेला सकाळी गणपती बसायच्या आधी मी तुमचं पत्र वाचायला घेतलं. खोलीत मी, आई आणि सरोजा. सरोजाला मराठी कळत नाही, त्यामुळे ही गोष्ट आता तुम्ही आणि मी, दोघीच जाणतो. हंसांपर्यंत वाचून मी थांबले. आई म्हणाल्या, अजून एक पान आहे. मी म्हटलं, नाही. म्हणाल्या, मशीनमधून दोन पानं निघाली, मी ऐकलं. वाच.

मला नाही म्हणता आलं असतं. घरखर्चाचा कागद आहे असं सांगता आलं असतं. माझ्या मनात आलंही. पण ताई, सव्वीस वर्षं या घरात माझ्या बोलण्यावर तुम्ही दोघी हसलात. माझी माणसं तंजावरात तीनशे वर्षं मराठी बोलतात, आणि माझ्या वडिलांचं पत्र आई पाहुण्यांना वाचून दाखवायच्या आणि सगळे पोट धरून हसायचे. मला आईंचा चेहरा बघायचा होता. म्हणून तुमचं शुद्ध मराठी मी त्यांना ऐकवलं. "आईला वाचून दाखवू नकोस" या वाक्यापासून "फाडून टाक" पर्यंत. सावकाश, उजव्या कानाशी, हेल न काढता.

चेहरा मी बघितला. बघायला नको होता असं नंतर वाटलं. तेव्हा वाटलं नाही.

त्यांनी "दोन दिवस" हे वाक्य परत वाचायला लावलं. मग बराच वेळ बोटांनी चादरीच्या सुरकुत्या काढत बसल्या. मग विचारलं, म्हणजे येत नाही ना? मी म्हटलं, नाही. म्हणाल्या, मग आरती झाली की कागद घे. ती आपणहून आली नाही असं नको व्हायला. मी नको म्हटलं म्हणून आली नाही, असं असू दे. आणि ते पत्र सांगितलं जे तुम्ही मैत्रिणींना वाचून दाखवलंत.

तुमची आठ तारखेची मेल नऊला वाचली. तोवर बोलणं कमी झालं होतं. तुम्ही कोब्लेंझला मुक्काम वाढवला हे वाचलं तेव्हा त्यांनी मान हलवली. बाकावर तुम्हाला झोप लागली आणि कुणी उठवलं नाही, ते वाचलं तेव्हा म्हणाल्या, बरं झालं. तुमच्याबद्दल त्या शेवटचं हेच बोलल्या. संध्याकाळी दुसरं पान मागून घेतलं आणि उशीखाली ठेवलं. नेताना मी ते त्यांच्या पदरात घातलं.

एक राहिलं. पत्र सांगून झालं त्या दिवशी, सात तारखेला, मी त्यांना देवासमोर खुर्चीत बसवलं. त्यांनी माझा हात ओढून गणपतीच्या पाटावर ठेवला. म्हणाल्या, दुसरं पान मी ऐकलं, हे प्राचीला कधी कळता कामा नये. तू जिवंत आहेस तोवर नाही. कळलं तर ती उभ्या जन्मात सावरणार नाही. शपथ घे. मी घेतली.

सव्वीस वर्षांत आईंचा एकही शब्द मी मोडला नव्हता.

बावीस तारखेला जेवणं बाराला आहेत. तुमच्या खोलीतल्या गादीला ऊन दाखवून ठेवलं आहे.

कामाक्षी